वाटेवरचे धुणे

जुन्या काळच्या प्रवासाच्या हकिकती वाचताना नद्यांचे उतार, धर्मशाळा, चोरांचे भय, दाणावैरणीचे भाव यांची माहिती भरपूर मिळते. महिनोन् महिने पायी चालणाऱ्या त्या माणसांच्या अंगावरची वस्त्रे कोण धुवीत होते, कशाने धुवीत होते आणि ती वाळत कोठे घातली जात होती, याविषयी मात्र लेखक बहुधा मुके असतात. रोजची गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाही, हे त्याचे सरळ कारण. परंतु प्रवासातील धुणे ही क्षुल्लक बाब नव्हती. त्या धुण्यात त्या त्या काळचे रसायन होते, आचारधर्म होता, आणि समाजाची उतरंडही होती.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. त्यापूर्वी काशीयात्रेला निघालेला मराठी गृहस्थ बहुधा पायीच जात असे. पाठीवरच्या पडशीत मावेल तेवढाच त्याचा संसार. त्यात दोन धोतरे, एखादे उपरणे, अंगात घालावयाची बंडी आणि पांघरावयास कांबळे. पैकी महत्त्व होते ते दुसऱ्या धोतराला. एक अंगावर असताना दुसरे धुवावे, हा या सगळ्या विद्येचा पाया होय. दुकानातदेखील धोतर एकटे मागण्याची रीत नव्हती. धोतरजोडी मागावयाची. ‘धौत’ म्हणजे धुतलेले, या शब्दाशीच व्युत्पत्तिकार धोतराचे नाते जोडतात.

शिवण नसलेले पातळ सुती वस्त्र हे प्रवाशाच्या फार सोयीचे. त्याला खिसा नाही, अस्तर नाही, गुंडी नाही. त्यामुळे मळ साचून राहावा अशी जागाच नाही. पहाटे नदीवर स्नान करावे, नेसते धोतर तेथेच दगडावर चुबकून घ्यावे, पिळा करून खांद्यावर टाकावा आणि मुक्कामावर येऊन झुडपावर पसरावे. सोबती असला तर दोघांनी दोन टोके धरून वाऱ्यावर झुलवावे. उन्हाळ्याच्या दिवसांत पूजा आटोपेपर्यंत ते कोरडे होई. लुगड्याचे काम इतके सोपे नव्हते. नऊवारी लांबी ओली झाली की तिचा भार होतो, आणि ती वाळविण्यास आडोसा व दोरी दोन्ही लागतात. आषाढात पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांना तर ऊनच दुर्मिळ. तेथे धुण्यापेक्षा वाळवण्याचीच विवंचना अधिक.

वैदिक ब्राह्मणाला प्रवासातही एक बंधन चुकत नसे. सोवळ्याचे वस्त्र स्वतः धुवावे, स्वतः वाळत घालावे आणि दुसऱ्याचा स्पर्श होऊ देऊ नये. घरी ज्याच्या हाताखाली नोकरचाकर होते त्यालाही परमुलखातील घाटावर गुडघाभर पाण्यात उभे राहून आपले धोतर आपणच पिळावे लागे. श्रमाला प्रतिष्ठा असावी म्हणून हे घडत नव्हते. दुसऱ्याच्या हाताचा विटाळ नको म्हणून घडत होते. फळ मात्र असे की, एरवी कोणतेही अंगमेहनतीचे काम न करणारा वर्ग हे एक काम उत्तम जाणत असे.

कशाने धुवावे, याचे उत्तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात सापडते. रेशमी आणि लोकरीच्या वस्त्रांना ऊष म्हणजे खारी माती, कांबळ्यांना रिठे, तलम रेशमी पटांना श्रीफल आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांना पांढरी मोहरी, अशी तेथे वाटणी आहे. श्रीफल म्हणजे येथे नारळ नव्हे, बेलाचे फळ. यांतील प्रत्येक वस्तू रानात, शेतात वा नदीकाठी मिळणारी आहे. आजच्या रसायनशास्त्राला या सर्व नियमांना सारखाच दुजोरा देता येणार नाही. तीव्र खाराने लोकर आणि रेशीम दोन्ही बिघडतात. पण कांबळ्याला रिठा हा सल्ला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचा आहे, आणि शालू-पैठणी जपणाऱ्या घरांतून तो अजूनही मोडीत निघालेला नाही.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. साल पाण्यात चोळली की फेस येतो. हा फेस थंड पाण्यातही येतो, आणि विहिरीचे पाणी जड असले तरी साबणाप्रमाणे त्याचा चोथा होऊन कपड्यावर बसत नाही. मुक्कामागणिक पाणी बदलणाऱ्या वाटसरूला याहून सोयीचे दुसरे काय असणार? वाळलेल्या रिठ्यांची मूठभर पुरचुंडी पडशीत कोठेही मावते. तीही संपली तर चुलीतील राख होतीच. राखेच्या निवळीत पोटॅशियमचा खार उतरतो आणि तो तेलकट मळ सोडवितो. उत्तरेकडे उन्हाळ्यात पडीक जमिनीवर पांढरा खार फुलून येतो, ती साजीमाती. वऱ्हाडात लोणारच्या सरोवराचा खार प्रसिद्धच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लोणारची नोंद करताना तेथे काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात, असे मुद्दाम सांगितले आहे.

चालत राहणे हाच ज्यांचा धर्म, त्या बौद्ध भिक्षूंनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. भिक्षूला तीन चीवरांची अनुज्ञा होती. अंतरवासक, उत्तरासंग आणि संघाटी. झाडांची मुळे, साली, पाने यांच्या रंगात ती रंगविलेली असत, त्यामुळे धुळीचे डाग चटकन नजरेत भरत नसत. विनयातील एक नियम मोठा बोलका आहे. नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून भिक्षूने आपले जुने चीवर धुऊन घेऊ नये. तसे घडल्यास ते चीवर त्यागावे आणि दोषाची कबुली द्यावी. आपल्या धुण्याचे ओझे दुसऱ्यावर, त्यातही स्त्रीवर, लादण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे, हे या नियमावरून कळते. प्रकार घडत नसता तर नियम कशाला करावा लागला असता?

गावात स्थिरावलेल्या माणसाचे धुणे परटाकडे जाई आणि राज्यसंस्थेची त्याच्यावर नजर असे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात परटांसाठी नियम घालून दिले आहेत. लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत. अन्यत्र धुतल्यास नुकसानभरपाई आणि वर सहा पण दंड. पण हे त्या काळचे नाणे. मुद्गराची खूण नसलेले वस्त्र परटाने अंगावर घातल्यास तीन पण, आणि लोकांची वस्त्रे विकल्यास, भाड्याने दिल्यास वा गहाण टाकल्यास बारा पण. शुभ्रतेच्याही पायऱ्या ठरलेल्या आणि त्यांप्रमाणे परत देण्याची मुदत एकेका रात्रीने वाढत जाणारी. मनूनेही परटाला सावरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हाताने धुण्यास बजावले आहे. दगडावर कपडे आपटून फाडण्याची तक्रार मुळीच नवी नाही.

लष्कराचे व सरकारी दौऱ्यांचे तळ हलू लागले की परीटही त्यांबरोबर हलत. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड 1837 च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून उत्तरेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांच्या तळात बारा हजार माणसे, साडेआठशे उंट आणि एकशेचाळीस हत्ती होते. त्यांची बहीण एमिली ईडन हिची या प्रवासातील पत्रे 1866 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा चालत्या शहरात साहेबांचे खमीस, ताठ गळपट्ट्या आणि मडमांचे घेरदार झगे शुभ्र ठेवणे म्हणजे खारात भिजवणे, वाफेच्या भट्टीवर चढवणे, आपटणे, खळ देणे आणि इस्त्री करणे हा सारा व्याप रानात उभा करणे होय. यात्रेकरूचे धोतर वाऱ्यावर वाळून मोकळे होई, तर शिवलेल्या कपड्याला माणसांचा एक तांडाच पाठीशी लागे.

त्या ढिगातून ज्याचे त्याला परत मिळावे म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करीत. त्यासाठी बिब्ब्याचा रस आणि चुना वापरीत. ही काळी खूण कितीही धुतली तरी जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ हे नाव पडले ते यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमके खुणेच्या जागी, खाजरे चट्टे उठू लागले. 1943 मध्ये डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला धोब्याच्या खुणेचेच नाव दिले. बिबा उततो हे सांगण्यास आपल्याकडील कोणतीही आजीबाई पुरेशी होती.

परटाच्या बिलाला कंटाळून दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी या बॅरिस्टरने धुलाईवरचे पुस्तक विकत आणले आणि स्वतः धुवावयास सुरुवात केली. पहिल्याच खेपेस गळपट्टीला खळ जास्त झाली. ती कोर्टात गळू लागली आणि वकीलमंडळींची करमणूक झाली. पुढे 1912 साली नामदार गोखले आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी ते चुरगळलेले निघाले, आणि धुलाईच्या दुकानात पाठवण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करण्याची तयारी दाखविली, तेव्हा वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, परीट म्हणून नाही, अशा अर्थाचे उत्तर गोखल्यांनी दिले. शेवटी ते राजी झाले आणि काम उत्तम उतरले. सोवळ्याच्या रक्षणासाठी आपले वस्त्र आपण धुणारे पूर्वज आणि दुसऱ्याचे उपरणे हौसेने हाती घेणारे गांधी, यांच्या कृतीत बाह्यतः साम्य आहे. पण हेतूंची तोंडे अगदी विरुद्ध दिशांना आहेत.

मात्र स्वावलंबनाची ही शिकवण कोठे अडते, ते 1917 साली चंपारणात दिसले. भितिहरवा गावाजवळच्या एका लहान खेड्यातील बायकांचे कपडे मळलेले होते, तेव्हा कस्तुरबांनी त्यांना कारण विचारले. एकीने त्यांना आपल्या झोपडीत नेले. आत पेटी नाही, कपाट नाही. अंगावर आहे तीच साडी. ती धुवावी तर नेसावे काय? आणखी एक साडी मिळवून द्या, मग रोज स्नान करून स्वच्छ वस्त्र नेसेन, असे तिने सांगितले. काशीच्या वाटेवरील यात्रेकरूच्या पडशीतले दुसरे धोतर म्हणजे किती मोठी श्रीमंती होती, याची कल्पना या एका उत्तरावरून यावी.

दुसरे वस्त्र असूनही ज्यांना पाणी नव्हते, त्यांची गोष्ट याहून कठोर आहे. अस्पृश्य मानलेल्या वाटसरूला गावच्या पाणवठ्यावर उतरता येत नसे. मग धुवावे कोठे? न धुतल्याबद्दल अस्वच्छतेचा ठपका मात्र त्याच्याच माथी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 मध्ये संमत झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या हजारो अनुयायांसह जावे लागले.

याच काळात महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे घेतलेला एक पुरुष अखंड हिंडत होता. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परटाच्या घरी जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगे महाराज. वस्त्रे उजळविणे हा ज्यांचा कुळाचार, त्यांनी स्वतःच्या वस्त्राची पर्वा सोडली आणि वाटा व घाट झाडावयास घेतले. पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातील धर्मशाळेला त्यांनी नाव दिले ते चोखामेळ्याचे, ज्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आले नव्हते त्याचे. ही वास्तू त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासातच, त्यांचा देह पडला.