नाकापासून संवेदकापर्यंत

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की पलतीरावर कारधा लागते. या नदीच्या काठाने ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जास्तीचा मासा टिकवायचा तर तो खारवावा किंवा वाळवावा, हा उपाय सर्वत्र जुना आहे. त्यामुळे मांसातले पाणी कमी होते आणि जीवाणूंची वाढ मंदावते. पावसाळ्यात ओल लागली की मात्र ती पुन्हा सुरू होते. मासा खराब झाला का, हे सांगणारे सर्वांत जुने उपकरण म्हणजे आपले नाक.

नाकाला काय कळते? जर्मन वैद्य लुडविग ब्रीगर यांनी १८८५ साली कुजणाऱ्या मांसातून प्युट्रेसिन व कॅडॅव्हरिन ही संयुगे वेगळी केली. जीवाणू अमिनो आम्लांपासून ती तयार करतात. मांसातील विषबाधा अशाच द्रव्यांमुळे होते, असा समज त्या काळी पसरला.

या समजाला धक्का दिला तो बेल्जियममधील एलझेल गावाने. तेथे डिसेंबर १८९५ मध्ये खारवलेले डुकराचे मांस खाऊन अनेक वादक आजारी पडले व तिघे दगावले. एमील व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून बोट्युलिझमचा जीवाणू शोधून काढला. या जीवाणूचे काही प्रकार दुर्गंधी न सुटताच विष तयार करतात. कुजणे आणि विषारी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाकाचे काम यंत्राकडे देण्याची वाट १९६२ साली जपानमध्ये खुली झाली. सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा, तर तागुची यांनी टिन ऑक्साइडचा वायुसंवेदक मांडला. तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसतो. ज्वलनशील वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतरोध घटतो. पण असा संवेदक अनेक वायूंना, दमट हवेलाही, प्रतिसाद देतो. म्हणून १९८२ साली इंग्लंडमध्ये पर्सॉद व डॉड यांनी वेगवेगळे संवेदक एकत्र जोडून त्यांच्या प्रतिसादांचा आकृतिबंध वाचला. हेच ‘इलेक्ट्रॉनिक नाक’.

आता कारध्याला परत येऊ. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथिलअमाईन ऑक्साइड भरपूर असते. जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाईन करतात. बोंबलासारख्या माशाचा उग्र वास बराचसा त्याचाच. गोड्या पाण्यातील बहुतेक माशांत हे मूळ द्रव्य फार थोडे असते. तेव्हा केवळ ट्रायमिथिलअमाईन हुडकणारे यंत्र वैनगंगेतील सडलेल्या मरळ माशालाही ‘ताजा’ ठरवील! येथे अमोनियासह सर्व बाष्पशील नायट्रोजनयुक्त द्रव्यांची बेरीज अधिक उपयोगी पडते.

यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. म्हणून वर्गात विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : वास आला नाही, याचा अर्थ नेमका काय?