पाण्याला वाट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या बारामतीच्या घरी सर्वांच्या आधी जागा व्हायचा तो तांब्याचा बंब. त्याच्या पोटात गोवऱ्या धगधगू लागल्या, की आजी तेलाची वाटी घेऊन हाका मारू लागे. पण तिची तयारी आठ दिवस आधीच सुरू झालेली असे. बंबाचे झाकण काढून ती आतला पांढरा थर खरवडी, मग चिंच लावून घाशी आणि पुटपुटे, "पाणी जातं, पण ओझं इथंच ठेवून जातं!"

आमच्या विहिरीचे पाणी जड. पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना वेगळा होऊन भांड्याला धरतो. गढूळपणावर तुरटी किंवा उगाळलेली निवळीची बी चाले, जंतूंना उकळी पुरे. मिठावर मात्र यांपैकी कशाचीच मात्रा चालत नाही; पाणी आटेल तसतसा खारटपणा वाढतच जातो. म्हणून कालच्या उरलेल्या पाण्यावर आजी नवे पाणी कधी ओतीत नसे. आधी तोटी उघडून बंब रिकामा करावयाचा, हा तिचा नियम.

हाच नियम आमच्या बारामती-इंदापूर तालुक्यांना फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून भाटघरच्या बाजूचे पाणी या कोरड्या मुलखात खेळू लागले. बाजरीच्या रानात ऊस डोलू लागला. पण पाणी देण्याची घाई झाली, ते काढून देण्याचा विचार मागे राहिला. काळ्या जमिनीखाली पाणी साचून वर चढले, उन्हाने उडाले आणि क्षार तेवढे मागे राहिले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील या खाऱ्या जमिनींवर पुस्तिकाच लिहिली. १९१६ मध्ये सरकारने पाटबंधाऱ्यांसाठी खास विभाग काढला. त्यातील अभियंते इंग्लिस यांनी पाणथळ जमिनींचा निचरा करण्याचे प्रयोग केले. खडकवासल्याच्या आजच्या जलसंशोधन केंद्राचे मूळ त्याच विभागात आहे.

आमचाही एक तुकडा असाच पांढरा पडला होता. जिप्सम घाला, असे सांगणारे भेटले. ते खरेही होते. जिप्सममधील चुना मातीतल्या सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला क्षार जायचा कोठे? त्यासाठी चर हवा, आणि चर शेजाऱ्याच्या रानातून गेल्यावाचून ओढ्याला मिळणार नव्हता. शेजारी म्हणाला, "तुमचं मीठ माझ्या रानात नको." दोन वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते, फराळाची ताटे थांबली. तिसऱ्या वर्षी त्याच्याही उसाची पाने पिवळी पडली. पाडव्याच्या दिवशी तो आपण होऊन आला आणि आजोबांना म्हणाला, "कुदळी कुठं ठेवल्यात, अण्णा?"

चर झाला. लगेच ऊस आला नाही. पहिली काही वर्षे शेवरीच घेतली, मग हळूहळू माती भुसभुशीत झाली.

आज बंब अडगळीत आहे आणि न्हाणीघरात विजेचा गीझर. त्याच्या नळीतही तोच पांढरा थर धरतो. दिवाळी आली की मी तो उघडवून साफ करून घेतो, आणि मग चराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायला रानात जातो.