पॅनल-रेषा वॉश

पॅनल-रेषा वॉश : विमाने, रणगाडे, आगगाडीची इंजिने इत्यादींच्या लघुप्रतिकृतींवर पत्र्याच्या जोडांच्या ज्या खोदीव रेषा असतात, त्यांत अतिशय पातळ केलेला गडद रंग सोडून जोडांची छाया दर्शविण्याची रीत. पुष्कळ जण या रंगाला मळ समजतात आणि तेथेच काम बिघडते. वस्तुतः हा सावलीचा रंग होय.

उदाहरणार्थ, दादरा व नगर हवेलीतील सिल्वासाच्या मुलखाशी निगडित असा विषय निवडावयाचा झाल्यास मिस्टेर या लढाऊ विमानाचा दाखला उत्तम. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, ऑगस्ट १९६१ मध्ये दादरा व नगर हवेली भारतात रीतसर विलीन झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेजारच्या दमणच्या मुक्तीसाठी भारतीय वायुदलाची मिस्टेर विमाने धावून गेली. ११.१२ मीटर पंखविस्ताराचे हे विमान १:७२ प्रमाणात सुमारे १५ सेंटिमीटर भरते, त्यावरील ०.१ मिलिमीटरची रेषा मूळ विमानावर ७ मिलिमीटरची फट ठरेल, आणि अशी फट घेऊन कोणतेही लढाऊ विमान उडत नाही. म्हणून मिस्टेरच्या उघड्या धातूच्या अंगावर निखळ काळा रंग सर्वथा वर्ज्य मानून करडा-तपकिरी योजावा.

ॲक्रिलिकचा मूळ थर पुरता सुकल्यावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा. मग टर्पेंटाइनमध्ये कालवलेला तैलरंग बारीक कुंचल्याच्या टोकाने रेषेस केवळ टेकवावा, म्हणजे केशाकर्षणाने तो आपण होऊन रेषेतून पुढे सरकतो. वार्निशची हयगय केल्यास रंग खरबरीत पृष्ठावर पसरून डाग पडतात. मूळ थर एनॅमलचा असल्यास टर्पेंटाइन त्यालाच विरघळवू पाहते, आणि उघड्या, ताणलेल्या सांध्यात मुरल्यास प्रतिकृतीचे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक तडकते. जादा रंग किंचित सुकताच कापसाच्या बोळ्याने नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे उडताना वारा वाहतो त्या दिशेने, पुसून काढावा.

दमणगंगेच्या काठच्या या भागात जून ते सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते, की लॅकर जातीचे वार्निश फवारले असता द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंडावतो, त्यावर बाष्प धरते व दुधी झाक येते. यास्तव वार्निशचे काम उघडिपीच्या कोरड्या दिवसासाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी. इतर प्रतिकृतींवर अखेरीस मॅट वार्निश देण्याचा प्रघात आहे. मिस्टेरवर मात्र तो पाळू नये, कारण त्याने धातूची झळाळी मरते.