उलांडी आणि तिचे सोयरे

मनीषनगरातल्या पोरांनी तळ्यावर गळ टाकायला एक प्लास्टिकची कयाक आणली. ती फार डोलते म्हणून दोन्ही अंगांना टोके बुजवलेले पीव्हीसी पाइप आडव्या दांड्यांवर बांधले, आणि मग मला विचारले, याला मराठीत काय म्हणायचे? कयाक हा शब्द इन्युइटांचा. तुर्की ‘कायिक’ही होडीच, पण हे साम्य योगायोगाचे दिसते. (अंगावर चढवल्यासारख्या या होडीला संस्कृत ‘कायिक’ही शोभेल, पण तो मोह नको.) आम्हा वैदर्भीयांकडे डोंगा आहे, तो बहुधा द्रोण-द्रोणीच्या गोत्रातला असावा. पाइपासाठी शब्द हवा तर रत्नागिरी-मालवण गाठायला हवे. तिथला होडीवाला एका शब्दात निकाल देतो: उलांडी.

उलांडी म्हटले की आधी आठवते ‘उलंडणे’, म्हणजे कलंडणे, पालथे होणे. होडी उलंडू नये म्हणून जी बांधायची ती उलांडी. निवारायच्या संकटाचेच नाव साधनाला कसे, असे वाटेल. पण भाषा असल्या तर्काला जुमानत नाही. फारसी ‘दान’ म्हणजे ठेवायचे पात्र. अत्तरदाणीत अत्तर असते, पिकदाणीत पीक असते, मच्छरदाणीत मात्र मच्छर सोडून बाकी सगळे.

तरी शेजारी ‘ओलांडणे’ उभे आहे, आणि त्याचाही दावा पोकळ नाही. आडवी दांडी होडीचा काठ ओलांडूनच पाण्यावर जाते ना! ओलांडण्याचे मूळ ‘उल्लंघन’ आहे असे सहज सांगितले जाते, पण मग ‘घ’चा ‘ड’ कसा झाला? मला धातुपाठातली वाट अधिक सरळ वाटते. चुरादिगणात ‘ओलडि उत्क्षेपणे’ असा एक धातू आहे. उत्क्षेपण म्हणजे वर फेकणे. रूप ओलण्डयति. सिद्धान्तकौमुदीत त्यावर मतभेद नोंदलेले आहेत. काहींच्या मते आरंभीचा ओकार धातूचा अवयवच नव्हे, तो निव्वळ इत्, म्हणून लण्डयति. काहींच्या मते धातू उकाराने सुरू होतो, म्हणून उलण्डयति. उ की ओ, हा घोळ वैयाकरणांनाही सुटला नव्हता असे दिसते. वर फेकलेली वस्तू एक तर पलीकडे जाते किंवा उलटी पडते. ओलांडणे आणि उलंडणे ही त्या एकाच फेकीची दोन फळे असावीत. तसे असेल तर उलांडीचा वारसा ठरवायला भांडण नकोच.

काटेकोर बोलायचे तर पोरांनी बांधली ती उलांडी नव्हे. कोकणातली उलांडी एका बाजूला असते, पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. दोन्हीकडे तरंगते जोडले की मला ‘सांगड’ आठवते. आज आपण अनुभवाची नि अभ्यासाची सांगड घालतो, पण मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती 1857) सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या होड्या, किंवा पोहणाऱ्याने धरायची भोपळ्यांची जोडी. मूळ संस्कृत ‘संघाट’, लाकडे जुळवणे. प्राकृतात ‘संघाड’ म्हणजे जोडी. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगारा’ म्हटले आहे, तोही हाच शब्द असावा. मल्याळममध्ये तो ‘चङ्ङाटम्’ झाला, पोर्तुगिजांनी उचलून ‘जंगाडा’ केला, आणि ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आजही जंगाड्यावरून मासे धरतात. वाक्प्रचारापुरता उरलेला आपला शब्द तिथे अजून ओला आहे.

आता आडव्या दांड्या. संस्कृतात गाडीच्या किंवा नांगराच्या दांडीला ‘ईषा’ म्हणतात. हल + ईषा = हलीषा, त्यावरून आपली नांगराची हळस. हलीषा ज्या शकन्ध्वादी गणात येते त्यातच ‘मनीषा’ही बसवली आहे: मनस् + ईषा. आधुनिक भाषाविद तिला ‘मन्’ धातूपासूनच काढतील; पण पाणिनीयांच्या हिशेबाने आमच्या मनीषनगरच्या नावात ही ‘ईषा’ आहेच, अर्थ तिथे दांडीचा घेतलेला नसला तरी.

त्याच गणात ‘लाङ्गलीषा’ही आहे, आणि लाङ्गल म्हणजे आपला शेतातला नांगर. मग होडीचा नांगर कुठला? तो फारसी ‘लंगर’. नाखवा हा फारसी नाखुदा, सुकाणू अरबी ‘सुक्कान’चे, मानाची नि दिशेची खाती परक्या शब्दांनी घेतली, तोल सांभाळणारे लाकूड तेवढे घरचे राहिले. लंगराचा ‘नांगर’ झाला तो शेतातल्या नांगराच्या ओढीने असावा, दोघेही जमिनीत रुततात म्हणून. लंगर आणि लाङ्गल मुळातच एक, असेही सुचवले जाते. मला ते अजून पटलेले नाही. ‘ल’ला ‘ल’ जुळले की नाते ठरत नाही. तुमच्या हाती यापेक्षा बळकट पुरावा असेल तर मी मत बदलायला तयार आहे.