साठी आणि सहस्रचंद्र

पिकल्या केसांचा सोहळा करण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. परंतु आज ज्या हौसेनें ती पाळली जाते, ती हौस तिच्या मुळाशीं नव्हती. मुळाशीं होतें भय. साठावें वर्ष संपतांना करावयाच्या विधीला ‘उग्ररथशांति’ असें नांव आहे, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यांतील सातव्या रात्रीस ‘भीमरथी’ म्हणतात. उग्र काय किंवा भीम काय, दोन्ही नांवें धाक घालणारींच. हा अवघड घाट माणसानें सुखरूप उतरावा म्हणून कलश मांडावयाचे, होम करावयाचा, दानें द्यावयाचीं. शांति म्हणजे संकटाचें निवारण, अभिनंदन नव्हे.

साठ हाच आंकडा कां, याचें उत्तर पंचांगांत आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरांचीं नांवें साठ. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करण्यास सुमारें १२ वर्षें लागतात व शनीला सुमारें ३०. म्हणजे साठ वर्षांत गुरूच्या पांच फेऱ्या होतात, शनीच्या दोन, आणि दोघेही जवळजवळ पूर्वस्थानीं येतात. जन्मकाळच्या संवत्सराचें नांव माणसाच्या कानीं पुन्हां पडतें तें साठी उलटतांना. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही असाच सरळ आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारें साडेएकोणतीस दिवस जातात. हजार पौर्णिमांचे होतात सुमारें २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षें व १० महिने. येथें मात्र धाक उरत नाहीं. जितके चंद्र पाहिले तितके मोजावयाचे आणि समाधान मानावयाचें, एवढाच भाव.

इंग्रजी अमलांत या घरगुती विधीला दोन नव्या गोष्टी येऊन मिळाल्या. एक पेन्शन. सरकारी नोकरास सामान्यतः ५५ व्या वर्षीं कचेरीचा निरोप घ्यावा लागे, आणि हातीं वेळ असलेला, परंतु काम नसलेला गृहस्थ शहरांतून दिसूं लागला. दुसरी गोष्ट ज्युबिली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचे सोहळे १८८७ व १८९७ सालीं गाजले. वर्षांचा आंकडा हें सभा, मानपत्र व भाषणें यांना पुरेसें निमित्त असतें, हें लोकांनीं त्यांतून पाहिलें. देवघरांतली साठी अशा रीतीनें मंडपांत आली.

तिचें सर्वांत तेजस्वी उदाहरण पुण्याचें. २३ जुलै १९१६ रोजीं लोकमान्य टिळकांस साठ वर्षें पुरीं झालीं. गायकवाडवाड्यांत समारंभ झाला आणि लोकांनीं जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांस अर्पण करण्यांत आली. त्याच सुमारास सरकारी अंमलदार नोटिशीचा कागद घेऊन हजर झाला. बेळगांव व अहमदनगर येथील व्याख्यानांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकीं दहा हजारांचे दोन जामीन कां घेऊं नयेत, असा त्याचा आशय होता. एका हातीं थैली, दुसऱ्या हातीं नोटीस! थैली त्यांनीं स्वतःसाठीं ठेविली नाहीं; ती राष्ट्रकार्याकडे वळविली. नोटिशीवरून निघालेला हुकूम त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबई हायकोर्टानें रद्द केला. टिळकांची बाजू तेथें बॅरिस्टर जिना यांनीं मांडली होती. समारंभांत लोकांना सत्कार दिसला, सरकारला धोका दिसला. साठीच्या माणसापाशीं अजून करण्यासारखें बरेंच आहे, हें दोघांनींही मान्य केलें होतें.

दुसरें उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताच्या अध्यापनांतून ते १९१४ सालीं निवृत्त झाले; दोनच वर्षांनीं, १९१६ त, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. सत्तरी ओलांडल्यावर १९२९ सालीं ते परदेशप्रवासास निघाले. ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें तें १९३६ सालीं, म्हणजे भीमरथीची रात्र उलटून गेल्यावर! १९५८ सालीं, शंभराव्या वर्षाच्या पूर्तीस, त्यांस भारतरत्न मिळालें व त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट निघालें. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांच्या वाट्यास सत्कार पुष्कळ आले; परंतु त्यांतील एकही त्यांच्या कामाचा समारोप ठरला नाहीं.

आज सुशिक्षित घरांतूनही साठी आणि सहस्रचंद्र थाटानें साजरीं होतात. मुलें परगांवांहून येतात, नातवंडें ओवाळतात, पक्वान्नें होतात. यांत वावगें कांहींच नाहीं. पूर्वींच्या धास्तीपेक्षां हा आनंद निःसंशय बरा. परंतु पाटावर बसविलेल्या वृद्धाला त्या दिवशीं शाल मिळते, हार मिळतो, आणि दुसऱ्या दिवसापासून घरांतला एकही प्रश्न त्याला कोणी विचारीत नाहीं, असें झालें तर तो सोहळा निरोपाचाच ठरतो. जुन्या शांतिकर्मांत एक शहाणपण होतें. माणूस पुढें जगावयाचा आहे, असें धरूनच तें केलें जात असे. ओवाळणीचीं निरांजनें उतरून ठेवल्यावर, ‘आतां पुढें काय करावयाचें योजिलें आहे?’ एवढें त्यांस विचारावें, आणि उत्तर ऐकावयास थांबावें.