उशीवरून दिसणारं पुस्तक

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. कला आणि आरोग्य या विषयावर खास रुग्णांसाठी पुस्तक करायचं, तर ते कसं असावं? आम्ही असं पुस्तक करायला घेतलं आणि पहिला मसुदा चांगलाच जमला असं आम्हाला वाटलं. जाड कागद, पानावर दोन रकाने, बारीक टाइप. मग आमच्यातल्या एकानं ते पाठीवर झोपून, एकाच हातात धरून वाचून पाहिलं. दुसऱ्या हाताला सलाइन लावलंय असं समजून. दोन मिनिटांत मनगट भरून आलं. दिवा छताला, त्यामुळे पान सावलीत. पुस्तक आम्ही टेबलावर केलं होतं, वाचलं जाणार होतं खाटेवर! तेव्हा आम्ही इतिहासाकडे वळलो.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून करू. 1859-60च्या सुमारास त्यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ आलं. त्यात एक प्रकरण वैविध्यावर आहे. त्याच भिंती, तेच छत बघून रुग्ण खचतो; रंग, आकार, फुलं यांचा परिणाम मनावर होतो तसा शरीरावरही होतो, असं त्यांनी मांडलं. पण हे पुस्तक रुग्णाच्या हाती द्यायचं नव्हतं, घरी शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठी होतं. 1861 साली त्यांनी कष्टकरी वर्गासाठी त्याची वेगळी, स्वस्त आवृत्ती काढली आणि तान्ह्या बाळाच्या काळजीवर एक प्रकरण वाढवलं. म्हणजे वाचक बदलला की पुस्तक बदलायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रुग्ण स्वतः या गोष्टीत येतो तो पुढे. एड्रियन हिल हे इंग्लंडमधले चित्रकार. पहिल्या महायुद्धात त्यांनी आघाडीवर चित्रं काढली होती. 1938 साली त्यांना क्षयानं गाठलं आणि ते ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं; त्याआधी उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. महिनोन्‌महिने पडून राहायचं. हिल खाटेवरून दिसेल ते काढू लागले. पुढे तिथल्या इतर रुग्णांना, जखमी सैनिकांनाही शिकवू लागले. 1942 साली त्यांनी या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं, आणि 1945 साली त्यांचं पुस्तक निघालं: ‘आर्ट व्हर्सेस इलनेस’, म्हणजे आजाराविरुद्ध कला.

या नावापाशी आम्ही बराच वेळ अडलो. चित्र काढून क्षयाचे जंतू मरत नाहीत. मग कला नेमकी कशाशी लढते? कंटाळ्याशी, एकटेपणाशी, ‘आता आपल्या हातून काही व्हायचं नाही’ या भावनेशी. हे काही थोडं नाही. पण यापलीकडचं वचन छापलं आणि वाचक बरा झाला नाही, तर तो स्वतःलाच दोष देणार.

तिसरं उदाहरण मातीसचं. 1941 साली ल्योनला त्यांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराचसा काळ खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत गेला. सहकारी कागद रंगवून देत, मातीस कात्रीनं आकार कापत. त्यातून 1947 साली ‘जॅझ’ हे पुस्तक झालं. त्यात 20 रंगीत चित्रं आहेत आणि मधल्या पानांवर मातीस यांचं मोठं, ऐसपैस हस्ताक्षर. ती पानं दोन चित्रांमध्ये डोळ्यांना विसावा देतात. हे पुस्तक रुग्णांसाठी नव्हतं, पण रुग्णाच्या हातांना झेपेल अशा रीतीनं घडलेलं होतं.

आम्ही आमचा मसुदा मोडला. एका जाड पुस्तकाच्या चार हलक्या पुस्तिका केल्या. टाइप मोठा घेतला, एकच रकाना ठेवला आणि दर दोन पानांमागे एक पान कोरं सोडलं. वाचणाऱ्यानं हवं तर त्यावर पेन्सिल फिरवावी, नको तर नुसतं बघावं. आणि ‘कला तुम्हाला बरं करेल’ हे पहिल्या पानावरचं वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं: ‘दमलात तर इथेच थांबा. पुस्तक कुठे जात नाही.’