पतंगांची नोंदवही
दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग आपण नेहमी पाहतो. मोजतो मात्र क्वचितच. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली प्रकाश-सापळा लावून रोज रात्री सापडणारे पतंग मोजायला सुरुवात केली. १९६८ पासून असे सापळे देशभर लागले. हौशी निरीक्षकांनी ते आपल्या बागांतही ठेवले. ऑगस्टमध्ये, तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, उबदार ढगाळ रात्री पतंग भरपूर येतात, थंड रात्री मोजकेच. म्हणजे एका रात्रीच्या आकड्यावरून आपल्याला काहीच ठरवता येत नाही. तसाच दिवा, तीच जागा आणि वर्षानुवर्षांची नोंद यांमुळेच समजले, की १९६८ ते २०१७ या काळात सापळ्यांत येणारे मोठ्या आकाराचे पतंग सुमारे ३३ टक्क्यांनी घटले. सुरवंटांवर पिल्ले वाढवणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने ही घट गंभीर आहे. शाळेच्या आवारातील दिव्याखाली अशी वही आपणही सुरू करू शकतो.